कडकडाटचा दुष्ट जुळा

मालिकेत नायकाचा दुष्ट जुळा दाखवायचा असेल, तर तो जुळ्यांच्या सरकारी कचेरीतूनच आणावा लागतो. त्याच नटाला मिशी लावून भागत नाही. नियमच आहे तसा. म्हणून ‘कडकडाट’ मालिकेचं बारावं पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शरच्चंद्र वाळिंबे स्कूटर काढून स्वतःचा जुळा आणायला गेले. बोटांतून वीज सोडणाऱ्या कडकडाटचं काम अकरा वर्षं तेच करत होते.

शरदराव म्हणजे देवमाणूस हो! कुणी काहीही विचारा, उत्तर एकच: ‘चालेल.’ आमटी करपली, चालेल. रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत सोडलं, तरी चालेल. सव्वीस वर्षांच्या संसारात कुमुदताईंनी नवऱ्याचा चढा आवाज ऐकला तो फक्त टीव्हीवर.

कचेरीच्या खिडकीत कारकून हिंगेबाई होत्या. त्यांनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“सातव्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“अहो, आजवर मनातलं काय काय गिळलं, ते लिहायचं असतं तिथे. तेवढ्याचाच जुळा होतो. बाहेरचं काही घालत नाही आम्ही.”

“आठवत नाही काही.”

“सगळे असंच म्हणतात. मागे एक गायनमास्तर आले होते, अगदी गरीब स्वभावाचे. त्यांच्या जुळ्यानं दोन दिवसांत नऊ शिष्यांच्या नऊ पेट्या विहिरीत टाकल्या. तुमचं वय?”

“पंचावन्न.”

“कधी कुणाशी भांडण?”

“छे छे, कधीच नाही.”

हिंगेबाईंनी शिपायाला हाक मारली. “अरे, आत एकटा जाऊ नकोस. तिघं जा.”

जुळा बाहेर आला तो हुबेहूब तेच; फक्त भांग दुसऱ्या बाजूला आणि शर्टाची बटणं उलटी. तो मुकाट स्कूटरवर मागे बसला. “मालिका संपेपर्यंत तुमच्याकडेच,” हिंगेबाई म्हणाल्या आणि पावती दिली.

घरी कुमुदताईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि विळी, बत्ता, अडकित्ता उचलून कपाटात कुलूपबंद केला. मग नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

“अहो, एवढं साठवलंय तरी काय तुम्ही?”

“मला तरी कुठे माहीत आहे!” शरदराव स्टुलावर मटकन बसले. दिग्दर्शक बापू शिरगावे आठवले. अकरा वर्षं बापूंनी त्यांना क्रेनवरून, कड्यावरून, एकदा तर पवनचक्कीवरून टांगलं होतं, आणि ते दरवेळी हसले होते. “कुमुद, उद्या त्यानं कुणाचा जीव घेतला, तर तो राग माझाच असेल गं.”

कुमुदताईंनी कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पहिला भाग थेट दाखवायचा होता. कोल्हापूरजवळच्या स्टुडिओत पाण्याच्या टाकीखाली तीनशे माणूस जमलं होतं. प्रसंग असा, की कडकडाट टाकीवरून उलटा लटकलाय आणि त्याचा जुळा कोयत्यानं दोरी कापतो.

“शरदराव, खाली दोन गाद्या टाकल्यात बघा!” बापू खालून भोंग्यातून ओरडले. “चालतंय न्हवं?”

“चालेल!” शरदराव उलटे लटकल्या लटकल्या म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. जुळ्यानं कोयता उचलला. दोरीकडे पाहिलं, गाद्यांकडे पाहिलं, मग बापूंकडे टक लावून पाहत राहिला. खाली गर्दीत उभ्या कुमुदताईंनी तोंडावर हात दाबला. शरदरावांनी डोळे मिटले. आता कोयता बापूंच्या दिशेनं जाणार, आणि फेकणारे आपणच.

“चालणार नाही,” जुळा म्हणाला.

“आँ?” बापू म्हणाले.

“गाद्या पातळ आहेत. माझी पाठ दुखते. अकरा वर्षं दुखते. चालणार नाही.” त्यानं कोयता खाली ठेवला. “तुमच्याकडचे वडे गार असतात. नवव्या पर्वात ‘शरदरावास्नी काय कळतंय’ असं सगळ्यांसमोर म्हणालात, ते फार लागलं मला. आणि कुमुद, दर मंगळवारी दुधी चालणार नाही.”

माणसं सुन्न झाली. एका बाईनं पोरीचे कान झाकले. बापूंशी असं कधी कुणी बोललंच नव्हतं. ते तिथेच खुर्चीत बसून मुसमुसू लागले. “आवं, पाठ दुखतीया हे सांगायचं तरी एकदा!” असं म्हणत त्यांनीच दोरी हळू सोडायला लावली.

शरदराव अलगद गादीवर टेकले. मागोमाग जुळाही शिडीनं उतरून आला.

“संपलं?” शरदरावांनी विचारलं.

जुळ्यानं जरा आठवून पाहिलं. “संपलं.”

“नक्की ना? खूनबीन काही?”

“नाही.”

शरदरावांचा जीव भांड्यात पडला. ते भर कॅमेऱ्यासमोर हमसून हमसून रडले. “कुमुद, एवढंच होतं गं! माझ्या आत एवढंच होतं!”

“एवढंच होतं तर बोलायला काय झालं होतं हो!” कुमुदताईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, मग पाठीचं आठवून तिथेच हात फिरवला. त्या हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

इतका क्रूर खलनायक आजवर झाला नाही, असं वाहिनीला प्रेक्षकांनी कळवलं. पर्व दोनशे भागांनी वाढलं.

सकाळी तीन कप चहा झाला. जुळ्यानं एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून कप परत केला. कुमुदताई साखरेचा डबा काढायला वळल्या. शरदरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आपलाही कप हळूच पुढे सरकवला.