तीन तटस्थ सभेबाहेर काढोन नमनाचा ठराव जिंकिला त्याची हकीकत

“गवळणींची सोंगे घेण्यास बापये मिशा भादरितात, मग आम्ही मुली काय नुसत्या टाळ्या पिटावयास जन्मलो?” हा सवाल भर सभेत करावा, ऐसी पैज तेजस्वी आदिकरून दहावीतील सख्यांनी घातली, आणि आम्ही, निशिगंधा, मुक्काम देऊळवाडी, जिल्हे रत्नागिरी, तो केला. तेणेंकरून जे रण माजले त्याचा मजकूर ग्रामदेवतेस स्मरोन, पदरचा मसाला अगदी किंचित घालोन, लिहितो ऐसीजे.

नमन, म्हणजे शिमग्यातील सोंगांचा खेळ, करणारे वाडीचे मंडळ म्हणजे सात असामींची दौलत. प्लास्टिकच्या तख्तावर राजमान्य राजश्री गंगारामबुवा, एकवीस साल अध्यक्ष. शिमग्याच्या नमनात मुलींस सोंगे द्यावीत, ऐसा ठराव सेक्रेटरी विनीतदादांनी मांडिला आणि हात मोजिले, तो बाजूने तीन, विरुद्ध एकटे बुवा, आणि तिघे तटस्थ. आम्ही जयघोष केला. मग बुवांनी नियमांची वही उघडोन फर्माविले की, हजर असामींच्या निम्म्याहून अधिक हात पाहिजेत. हजर सात, हात तीन, सबब ठराव बुडाला. एका हाताने तिघांस आस्मान दाखविले! तटस्थ मनुष्य भांडत नाही, बोलत नाही, नुसता बसतो, आणि त्याचे बसणेच विरुद्ध पक्षाची फौज होते.

ते तीन महावीर कोण? सदूकाका, ज्यांच्या घरची पाखाडीची वाट बुवांच्या अंगणातून जाते. शिवाकाका मुंबईकर, “परवा जायचाय, वैर कशाला” या मुत्सद्देगिरीचे. आणि तिसरे आमचेच तीर्थरूप आप्पा, अठरा साल नमनातील राधा, सबब लेकीस नाही म्हणवेना आणि घागरा सोडवेना.

पुढले साली आम्हांस कॉलेजास मुंबईस जाणे, म्हणजे हाच एक शिमगा हाती. डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला लिहू? मग ते पुसोन वही मागितली आणि वाचिली. फेरमतदान त्याच सभेत एकवार चालते, हजर म्हणजे खोलीचे आत, कोरम चौघांचा. वाहवा! मातोश्री मालनबाई सभेकरिता कांदाभजी तळीतच होत्या. त्यांस खलिता गेला की, भजी अंगणात मांडावी, एकही आत येऊ नये. भजी खाणे म्हणजे कोणाची बाजू घेणे नव्हे, हे जाणोन तिन्ही तटस्थ तत्काळ कूच करिते जाहले. आमच्या बाजूच्या तिघांनी पोटावर दगड ठेविला.

मग विनीतदादांनी फेरमतदान पुकारिले. हजर चार, हात तीन. बुवा गर्जले, “अरे, त्यांना आत बोलवा!” बाहेरून सदूकाका, तोंडी भजे, “आमचा काय नाय वो! चालू द्या तुमचा. आम्ही तटस्थ!” बुवा स्वतः उठोन जाते तर कोरम मोडता, परंतु खुर्ची सोडणे त्यांच्या रक्तातच नव्हते. सबब बुवांच्याच हजेरीने कोरम भरोन ठराव मंजूर जाहला आणि वहीत त्यांचीच सही घेतली.

घरी येता आप्पा खालमानेने म्हणाले, “गो बाय, घागरा तुला लांब होयल. आयशीकडनं आखूड करून घे.”

त्यावर मातापितर उभयतांस आम्ही जाहीर केले की, घागरा नको. काळा झगा, उंच टोपी, हाती चाबूक, ज्यास पाहोन अख्ख्या वाडीची पोरे पळतात, ते संकासुराचे सोंग आम्ही घेणार.

घासावयास घेतलेला झारा आईच्या हाती थांबला. “अगो, ता सोंग बुवांचा!”

“होता,” आम्ही म्हणालो.