अध्यक्षांची बिनगोळीची लढाई

बोरी बुद्रुकच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष कुंडलिकराव यांनी गावातली बहुतेक भांडणं मिटवली होती. आता त्यांना एकच शत्रू दिसत होता, मोबाइलमधला बंदुकीचा खेळ.

“आज मोबाइलात गोळ्या घालतायत, उद्या चौकात घालतील. बंद करा!”

मोबाइल दुरुस्तीवाल्या पप्पूने तर यात्रेनिमित्त देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लावून या खेळाची स्पर्धाच ठेवली होती. तो म्हणाला, “नाना, आधी खेळून तरी बघा की.”

कुंडलिकराव पेटले. “खेळतो. एकबी गोळी न झाडता जिंकून दाखवतो. जिंकलो तर समद्यांनी खेळ काढून टाकायचा.”

“आन हरलात तर?”

“तर या खेळाबद्दल परत चकार शब्द काढणार न्हाई.”

स्पर्धेला सभामंडप गच्च भरला. निम्मे खेळाडू मंडपात, बाकीचे टोपणनावं घेऊन आपापल्या घरून. अध्यक्षांनी सुरुवातीलाच बंदूक टाकून दिली आणि ते गवतात आडवे झाले. इतरांनी एकमेकांचा निकाल लावला. मधेच एक शत्रू समोर आला, तर अध्यक्ष माइकवर म्हणाले, “या, बसा.” तो बिचारा गोंधळून थांबला आणि मागून गोळी लागून गेला.

शेवटी दोघेच उरले. अध्यक्ष आणि कुणी ‘बोरीचा बिबट्या’. पप्पूला घाम फुटला.

“बिबट्याभाऊ,” अध्यक्ष मायेने म्हणाले, “बंदूक खाली ठेव. तुझी काय तक्रार हाय, ती सांग.”

कर्ण्यातून बाईचा आवाज आला. “सांगू का? समद्यांम्होरं?”

हा आवाज अध्यक्षांच्या बायकोचा, कुशाबाईंचा होता! नात संस्कृती रोज दुपारी आजीला काय शिकवते, ते त्यांना आत्ता कळलं.

“अवं, गावाचं तंटं मिटवता, आन विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं सख्ख्या भावाशी बोलत न्हाई. सोमाजी भाऊजी तिथंच असतील. आधी त्ये मिटवा.”

सोमाजी खांबाआड सरकले. कुंडलिकरावांनाही हा अबोला सलत होता, पण आधी बोलायचं कुणी, यातच वर्षं गेली होती. शेवटी ते माइकवर म्हणाले,

“चुकलं माझं. पाळी सोमा म्हणंल तशी. झालं समाधान?”

“झालं,” कुशाबाई म्हणाल्या आणि त्यांनी धाडकन गोळी झाडली.

पोरं नाचायला लागली. अध्यक्ष ओरडले, “अगं, समझोता झाल्यावर गोळी?”

“तंटा मिटला. खेळ ऱ्हायला व्हता.”

कुंडलिकराव मान खाली घालून बसले. तेवढ्यात सोमाजी खांबामागून आले आणि शेजारी टेकले. इतक्या वर्षांनी त्यांचं तोंड उघडलं.

“दादा, एखादी तरी बंदूक उचलायची व्हती राव! सरक तिकडं. पुढच्या डावाला मी तुझ्या बाजूनं हाय.”