घाडीकाकांची चार किलोंची सॅक

सॅक कानाला लावून ऐकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या बदलापूरच्या सोसायटीत एक आहे. रविवारी पहाटे डोंगरावर जायला आम्ही गेटपाशी जमलो की रमाकांत घाडी, म्हणजे आमचे घाडीकाका, नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत. तुमच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतात, उजव्या कानाशी नेतात, डोळे मिटतात आणि दोनदा हलवतात. डॉक्टर छातीला नळी लावून "मोठा श्वास घ्या" म्हणतात तेव्हा आपलं तोंड जसं होतं, तसं आपलं तोंड होतं. आत कुठे चमचा डब्याला भेटला, की काका डोळे उघडून निकाल देतात, "खडखडलं की गेलं!"

मग तुमचा सगळा संसार वॉचमनच्या खुर्चीवर मांडला जातो. एकदा माझ्या सॅकमधून चकल्यांची पिशवी निघाली. तळलेलं खायचं नाही, असं मला डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच बजावलं होतं आणि ते माझ्या बायकोनं सगळ्या मजल्यांवर जाहीर केलं होतं. काकांनी ती पिशवी उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग एकही चकली मोडणार नाही अशी ती टॉवेलात गुंडाळून पुन्हा आत ठेवली. तब्येत माझी, पण माल त्यांच्या ताब्यात.

याचं कारण असं, की काकांनी अंबरनाथच्या एका काचकारखान्यात एकतीस वर्षं पॅकिंग खात्यात काढली. औषधाच्या बाटल्या. आधी लाकडी खोके आणि पेंढा, पुढे पुठ्ठा. खोका बंद झाला की काका तो हलवून ऐकायचे आणि मगच खिळा मारू द्यायचे. "एकतीस वर्षांत माझ्या हातची एक बाटली फुटली नाही," हे वाक्य ते अजूनही छाती पुढे काढून म्हणतात. निवृत्त झाल्यावर बाटल्या संपल्या, हात उरले. ते हात आमच्या सॅकना लागले.

त्यांचा दुसरा नियम वजनाचा. एका दिवसाच्या डोंगराला चार किलो. त्यासाठी भंगारवाले वापरतात तसला आकड्याचा काटा त्यांनी दाराच्या चौकटीला टांगलाय. "चारच्या वर गेली ती सॅक नव्हे, बिऱ्हाड!" पाणी, डबा, शिट्टी, बॅटरी, मलमपट्टी, दोरी. जड खाली, हलकं वर, आणि मधल्या फटींत मोजे, रुमाल, वर्तमानपत्राचे बोळे. पोकळी म्हणून ठेवायची नाही.

यातली गोम अशी, की काकांनी भरलेल्या सॅकमधून वाटेत काही काढता येत नाही. ती वस्तू घरी सुखरूप परत यावी म्हणूनच गेलेली असते. आमचा तिसरा भिडू जीतू. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्याचं चेन-बटणांचं दुकान. घरी सिंधी, गल्ल्यावर हिंदी आणि आमच्याशी भांडायला मराठी. एकदा तो घसरून पडला, गुडघा फुटला. "मलम आहे!" म्हणून काका आनंदानं खाली बसले. बोळे निघाले, मोजे निघाले, दोरी निघाली. मलम हाती आलं तोवर रक्त वाळून खपली धरली होती.

"काका," जीतू म्हणाला, "हे डोंगर आहे, एक्सपोर्ट थोडी आहे!"

"पण ट्यूब चेपली का बघ! चेपली का?" काका ट्यूब नाचवत होते.

अशा या माणसाच्या घरात सुमनकाकू गेली तीस-बत्तीस वर्षं अख्ख्या राहिल्या आहेत. काकूंना दमा आहे, आणि जीभही आहे. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंदेरीचा डोंगर दिसतो. भाकरी थापताना, डाळ शिजेपर्यंत, काकांची बडबड ऐकताना काकू त्याच्याकडे बघत आल्या. वर कधी गेल्या नाहीत. काकांनी नेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत उभी राहायला लागली. बदलापुरात त्यात नवल काही नाही. आमच्याकडे गवतापेक्षा स्लॅब लवकर उगवतो. पण काकूंचा डोंगर खालून वर बुडू लागला. तिसरा स्लॅब पडला तेव्हा त्या जिन्यात मला म्हणाल्या, "मिलिंद, कमरेपर्यंत गेला रे." मला आधी वाटलं, काकांविषयीच बोलतायत.

त्याच दिवशी त्यांनी काकांना सांगून टाकलं, "अहो, तो दिसेनासा व्हायच्या आधी एकदा मला त्याच्या पायथ्याशी न्या. वर नको. ओढ्यापलीकडच्या पठारापर्यंत चालेन मी. डॉक्टरांनाही विचारलंय."

काका म्हणाले, "येत्या रविवारी."

त्या रविवारी आम्ही गेटवर उभे, आणि काका एकटेच खाली आले. चेहरा परीक्षेत नापास झालेल्याचा. "माल तयार नाही." मी वर जाऊन पाहिलं, तर काट्याला सॅक लटकलेली आणि काटा सात किलोंवर. काकूंचे दम्याचे पंप दोन, गरम पाण्याचा थर्मास, शाल, स्वेटर, गुडघ्याचा पट्टा, बुटांचा दुसरा जोड. चार किलोंचा धर्म पाळणारा माणूस पलंगावर सामानाच्या ढिगाऱ्यात बसून एकेक वस्तू उचलत होता, बाजूला ठेवत होता आणि पुन्हा आत घालत होता.

पुढच्या रविवारी साडेनऊ किलो. घडीचं स्टूल आणि छत्री वाढली होती.

"जानेवारीत छत्री कशाला?" मी विचारलं.

"ऊन!"

"मग टोपी?"

"टोपी आहेच की! टोपी उडाली तर?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "चौथा स्लॅब पडला हो! आता नुसतं डोकं दिसतंय त्याचं. तुमचं भरून होईपर्यंत तेही जाईल!"

पलीकडे पाचव्याच्या सळया उभ्या राहिल्या होत्या. मला गंमत वाटत होती, हे कबूल करतो. मी आणि जीतू पैज लावण्याच्या बेतात होतो, काका काटा तोडणार की स्वतः तुटणार.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी काकांनी मला हाक मारली. काकू तळमजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या होत्या. "जरा सॅक धर रे, चेन बसत नाहीये." मी गुडघा रोवून सॅक दाबली, काका चेन ओढत होते. मी टोमणा मारला, "काका, बिऱ्हाड निघालं वाटतं!"

ते हसले नाहीत. चेन सोडून खाली फरशीवर बसले.

"दोन वर्षांमागे जिन्यात हिला धाप लागली," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर. पायरीवर बसली, बोलता येईना. मी वर धावलो पंप आणायला. आणि मिलिंद, मला तो सापडेना. मीच ठेवलेला. धूळ नको, धक्का नको म्हणून डब्यात डबी, डबीत कापूस. कुठला डबा तेच आठवेना. तीन डबे उपसले. खाली आलो तेव्हा शेजारच्या पोरीनं तिला आपल्या आजीचा पंप दिला होता."

खालून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यात काकूंचा सगळ्यात मोठा.

"ही कुणाला बोलली नाही," काका म्हणाले. "मलाही नाही. बाटलीला पेंढा लावता येतो रे. माणसाला काय लावायचं?"

मी पुन्हा गुडघा रोवून सॅक दाबली, काकांनी चेन ओढली, आणि या वेळी ती बसली.

रविवारी पहाटे मात्र काकूच आधी खाली. साडी नाही, पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, कमरेला ओढणी बांधलेली. मागून काका, पाठीवर अकरा किलो. आज कुणाची सॅक त्यांनी ऐकली नाही. जीतूनं आपली आपणहून त्यांच्या कानापाशी नेऊन हलवली, आत किल्ल्या छमछम वाजल्या, तरी काकांचं लक्ष काकूंच्या बुटांच्या नाड्यांकडे.

वांगणी स्टेशनला उतरून रिक्षानं आम्ही डोंगराखालच्या गावात पोचलो. पुढे चालायचं. गवत पिवळं पडलेलं, थंडी अजून अंगात. काकू सावकाश पण बिनदिक्कत चालत होत्या. दर पंचवीस पावलांना मागून प्रश्न यायचा.

"धाप लागतेय?"

"नाही."

"बसतेस? स्टूल आहे."

"अहो, स्टुलावर बसायला घरी जागा कमी होती का? आणि पंप माझ्या कमरेला आहे, बघा." त्यांनी ओढणीत खोचलेला बटवा दाखवला. "दोन वर्षं झाली, मी स्वतःपाशीच ठेवते."

काका त्या बटव्याकडे बघत उभे राहिले. मग पुढे चालायला लागले. पण प्रश्न थांबले.

काकूंनी मात्र वाटेत एकदा थांबून मान मागे टाकून वर पाहिलं. "केवढा आहे हो हा! तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात, मला वाटायचं, वाढवून सांगताय."

"मी कमीच सांगत होतो," काका म्हणाले.

मग ओढा आला. पाणी घोट्याएवढंच, पण दगड गोल आणि शेवाळलेले. जीतू दोन उड्यांत पलीकडे गेला आणि "आ जाओ काकू, कुछ नहीं!" म्हणून ओरडायला लागला. काकू काठावर थांबल्या. त्यांचा श्वास जरा वाढला होता, आणि आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता.

"थांब!" काका म्हणाले. "दोरी काढतो." सॅक उतरवून ते गुडघ्यांवर बसले. चेन उघडली. शाल निघाली, छत्री निघाली, बोळे निघाले. दोरी तळाशी होती. काकांचे हात भराभर चालत होते. एक मोजा ओढ्यात पडून वाहून गेला, तो त्यांना दिसलाही नाही.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "दोरी नको. हात द्या."

काकांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे, मग पलीकडे जीतूकडे. आमच्या सोसायटीत घाडीकाकांनी काकूंचा हात धरलेला कुणी पाहिलेला नाही. आमच्या पिढीआधीच्या माणसांत ती रीत नाही. मी लगेच पाठ फिरवून एका झाडाचा फार बारकाईनं अभ्यास सुरू केला. झाड पळसाचं होतं.

मी वळलो तेव्हा ती दोघं ओढ्याच्या मधोमध होती. काका आधी दगडावर पाय ठेवून तो डुगडुगतो का बघत होते, मग काकूंना त्यावर घेत होते. पलीकडे जीतू नेमका शिट्टी वाजवायच्या तयारीत होता. मी त्याच्यावर डोळे वटारले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं.

पलीकडे वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होते, पठारापर्यंत सपाट. तिथे कुणाला आधार लागत नाही. ती दोघं तशीच हातात हात घेऊन पुढे निघाली. काकू काहीतरी सांगत होत्या, काका मान हलवत होते.

इकडे माझ्या पायाशी उघडी सॅक, गवतावर शाल, स्टूल, थर्मास, दोन बूट.

"काका!" मी हाक मारली. "हे सगळं कसं भरू?"

मागे न बघता त्यांनी मोकळा हात हलवला.

"भर रे कसंही!"