मन्मथअप्पांची इत्तला

आमचे शेजारी मन्मथअप्पा शिंकण्याआधी सांगतात. "शिंक यायलीय बरं का!" अशी हाळी ओसरीवरून येते, आमचं मांजर पलंगाखाली जातं आणि मग शिंक येते. कधी कधी येत नाही. तेव्हा अप्पा तसंही कळवतात, "रद्द झाली!"

त्यांची सगळी नोकरी लातूरच्या बसस्थानकावर झाली. खिडकीत माईकसमोर बसायचं आणि औशाची गाडी कुठं लागणार, निलंग्याची किती उशिरा येणार, हे लोकांना सांगायचं. निवृत्त झाल्यावर माईक तिथंच राहिला, सवय मात्र घरी आली. त्यांचा लाडका शब्द 'इत्तला'. निजामाच्या काळात वाढलेल्या त्यांच्या वडिलांच्या तोंडचा. इत्तला म्हणजे आगाऊ कळवणं, आणि अप्पांच्या मते माणसात आणि जनावरात फरक काय तो एवढाच. "गाडी येऊ दे न्हाईतर न येऊ दे," ते बोट वर करून म्हणतात, "पण इत्तला आगूदर द्याय पाहिजे. मग माणूस शिव्या देत न्हाई, मुकाट शेंगा खात बसतंय."

ते आमच्याकडे चहाला येणार असले की सकाळीच भिंतीपलीकडून कळवतात. येणं रद्द झालं तर तेही कळवतात, आणि चहा मग त्यांच्याकडे भिंतीवरून द्यावा लागतो. एकदा माझी मेव्हणी न सांगता उदगीरहून आली. अप्पांनी तिला फाटकात अडवून विचारलं, "घरच्यांना इत्तला हाय का?" ती बिचारी घाबरून रिक्षात परत बसायला निघाली होती.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्का कमी बोलतात आणि अप्पांना कशाचीच इत्तला देत नाहीत. ताटात कारलं दिसलं की अप्पा कळवळून म्हणतात, "अगं, सकाळी तरी सांगायचं!" अक्का म्हणतात, "सांगितलं असतं तर तुमी दुपारी बाहेर जेवला असताव."

घर त्यांचं नव्हतं, भाड्याचं होतं. अकरा महिन्यांचा करार. तो संपत आला की घरमालकीण नांदेडहून यायच्या, अक्कांच्या हातची धपाटी खायच्या आणि नव्या कागदावर सही करून जायच्या. प्रत्येक करारात अप्पा एक वाक्य हट्टानं घालून घ्यायचे: घर खाली करून हवं असल्यास मालकानं महिनाभर आधी लेखी कळवावं. मालकीणबाई हसून म्हणायच्या, "अप्पा, मी कशाला तुम्हाला काढू?" अप्पा म्हणायचे, "काढू नका. पण काढायचं ठरलं तर सांगून काढा."

मग मालकीणबाई वारल्या, आणि त्यांच्या मुलांनी घर विकून टाकलं. अप्पांना हे कळलं ते गच्चीवर एक अनोळखी माणूस टेप लावून मोजमाप घेताना दिसला तेव्हा. घर विकल्याचा राग त्यांना फारसा आला नाही. "इकू द्या की! पण घराच्या पोटात दोन माणसं राहायलीत, त्यांना एक शब्द न्हाई?" ते तीन-चार दिवस प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत होते, आणि मी शेजारी असल्यानं मला ते सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागलं.

नवे मालक माधवराव. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचं इस्लापूर, तिथं त्यांचं खताबियाण्याचं दुकान. अप्पांनी फोन केला तर ते म्हणाले, "करार संपला की बघू." झालं! अप्पांनी माझ्या ओळखीच्या वकिलाला गाठलं. वकील म्हणाले, मालक बदलला म्हणून करार मोडत नाही, आणि कागदात लेखी कळवायचं लिहिलंय म्हणजे ते नव्या मालकालाही लागू. त्या दिवसापासून अप्पा पोस्टमनची वाट पाहू लागले. पोस्टमन लांबून दिसला की विचारत, "माझी नोटीस?" तो नाही म्हणाला की यांचा चेहरा उतरायचा. घर खाली करायच्या नोटिशीची एवढ्या आशेनं वाट पाहणारा भाडेकरू मी दुसरा पाहिलेला नाही.

अक्कांची काळजी वेगळी होती. एकदा भिंतीशी येऊन त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "नोटीस येईल गं. पण मग आमी जायचं कुठं?" त्यांचं बरोबर होतं. लातूरला शिकायला येणारी पोरं इतकी, की ज्यानं त्यानं घरात कॉट टाकून खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्यात दोन म्हाताऱ्या माणसांना जागा कोण देणार? आणि या दोघांना मूलबाळ नाही. जायचं म्हटलं तर कंधारला अक्कांचा एक भाऊ, त्याचंच घर दीड खोलीचं.

करार संपला, आणि लगोलग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे शहरात माणूस राहत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोट फुटेपर्यंत खायचं. दुकानं बंद, हॉटेलं बंद, गल्ल्यांना कुलपं. आमचं शेत औशाच्या रस्त्याला आहे, तिथं अप्पा-अक्का दर वर्षी आमच्याबरोबर येतात. आदल्या संध्याकाळी अप्पांनी गल्लीत उभं राहून जाहीर केलं, "उद्या आमचं घर दिवसभर बंद राहील!" दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. एका माधवरावांना सांगायचं राहिलं.

आणि माधवराव नेमके त्याच दिवशी नोटीस घेऊन आले. स्वतः, हातोहात द्यावी म्हणून. इस्लापूरकडे हा सण नाही. त्यांना गल्लीत एकूण एक दाराला कुलूप दिसलं, विचारायला चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. करार तर संपलेला. त्यांनी भल्या मनानं असा हिशेब केला की म्हातारा-म्हातारी घर खाली करून गेली असणार, आणि अप्पांच्या कुलपाशेजारी आपलं एक कुलूप लावून टाकलं.

दिवस मावळताना आम्ही टेम्पोतून उतरलो. अक्कांच्या कडेवर आंबिलीची बिंदगी, लहानशी घागर, आणि दाराला दोन कुलपं. अप्पांनी दोन्ही कुलपं ओढून पाहिली. मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण खासगीत बोलणं त्यांना जमत नाही.

"हे कुलूप कोणाचं?"

"अप्पा तुमी? तुमी हाव का लातुरात?" माधवरावांचा आवाज. "अहो, मला वाटलं तुमी गेलाव! आख्खी गल्लीच उठून गेल्यावानी दिसली बगा!"

"सण हाय आमचा!"

"असला कसला सण? सकाळपासून गावात घोटभर चहा मिळंना. लेकीला भेटून नुसतं हिंडून राहिलो आमी."

ते किल्ली घेऊन आले. बरोबर बायको आणि मुलगी. गल्लीतली मंडळी तोवर तापली होती. पोलिसात जा, केस करा, राहत्या घराला कुलूप लावतो म्हणजे काय! अप्पा छाती काढून दारात उभे होते. पण अक्कांनी त्या तिघांचे चेहरे पाहिले आणि पहिलं विचारलं, "जेवलाव का?"

कोणी जेवलं नव्हतं. मग केस बाजूला राहिली. ओसरीवर पत्रावळी पडल्या आणि माधवराव मान खाली घालून भज्जी खाऊ लागले. ती पोरगी, श्रुती तिचं नाव, तिनं चार वेळा आंबील मागून घेतली. तिची आई तिच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर खायलीय ही." श्रुती इथं अकरावीला, क्लासजवळ एका खोलीत चौघी मुलींबरोबर राहणारी. डबा तिला जाईना, झोप येईना, फोनवर नुसती रडायची. म्हणून बापानं कर्ज काढून हे घर घेतलेलं. आई दुकान आणि आजारी सासू सोडून इथं येऊन राहणार होती.

जेवणं झाल्यावर माधवरावांनी खिशातून कागद काढला आणि ओशाळून अप्पांपुढं धरला. अप्पांनी चष्मा लावला. स्थानकावरच्या आवाजात अख्खी नोटीस गल्लीला वाचून दाखवली, तारखेसकट, आणि घडी घालत म्हणाले, "आता कसं! ही इत्तला कायद्याची झाली."

अक्का आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लोक सल्ले देऊ लागले. अप्पा, भांडा, कोर्टात वर्षं जातील. अप्पा म्हणाले, "मागितली ती नोटीस त्यानं दिली. आता कशाला भांडू?" आणि ते जागा शोधायला बाहेर पडले. आठवडाभर रोज हिंडत होते. परत यायचे तेव्हा अंगणातूनच कळवायचे, "न्हाई मिळाली." मला ते ऐकवत नव्हतं. मी एकदा म्हटलं, अप्पा, हे तरी मनात ठेवा. ते म्हणाले, "अक्का आत वाट बघत बसती. पायरी चढंपतूर तिला आशा कशाला लावायची?"

अशाच एका फेरीत ते श्रुतीच्या खोलीवरून गेले. आल्यावर जागेचं काहीच बोलले नाहीत. माधवरावांना फोन लावला. स्पीकर अर्थातच सुरू.

"महिना संपंपतूर घर कोणाचं?"

"तुमचंच की, अप्पा."

"मग माझ्या घरात पाव्हणा कोण ठेवायचा ते मी ठरवणार. पोरगी तिकडं भिंतीकडं तोंड करून बसलीय. तिला घेऊन यायलोय. ही इत्तला समजा."

ऑटोत पोरीची गादी, पुस्तकं आणि एक टेबलफॅन आला. पुढची खोली तिला दिली. अक्का पहाटे उठून धपाटी लावू लागल्या, आणि पोरीला आदल्या रात्री विचारू लागल्या की उद्या काय करू? अप्पांनी हे ऐकलं आणि आमच्याकडे तक्रार घेऊन आले, पण तक्रार त्यांना नीट करता येईना, हसूच येत होतं. पोरगी अभ्यासाला बसली की गल्लीत कुणी हॉर्न वाजवायचा नाही असा हुकूम निघाला. एक दिवस अप्पा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "शिंक यायलीय." मग तोंडात उपरणं कोंबून ती त्यांनी तशीच जिरवली.

नोटिशीचा महिना संपत आला तेव्हा त्यांनी भांडी गोणीत भरून तयार ठेवली होती. कंधारचा दीड खोल्यांचा भाऊ 'या' म्हणाला होता. माधवराव आले, श्रुतीकडे पाहिलं. पोरगी भरली होती, बोलत होती. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि ते म्हणाले, "अप्पा, तुमी जाऊ नका. हिची आई तिकडंच राहील. नोटीस परत घेतो."

"तोंडी?" अप्पांनी विचारलं.

तेव्हा लेखी घ्यायचं ठरलं, आणि नव्या कराराचा कच्चा मसुदा माझ्या ओसरीवर मी लिहायला बसलो, कारण माझं अक्षर बरं आहे. नेहमीच्या वाक्याशी आल्यावर मी म्हटलं, "घर खाली करून हवं असल्यास महिनाभर आधी लेखी. तेच ना, अप्पा?"

"लिहा. ते घराचं झालं." मग ते घुटमळले. "आजून एक हाय. पोरीचं."

"बोला की," माधवराव म्हणाले.

"बारावी झाली की ही जाणार. डॉक्टर हो, काय बी हो, जाणारच. तिला न्यायच्या येळी आमाला आगूदर सांगू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माधवरावांनाही तसंच वाटलं असावं.

"एकदम या आन घेऊन जावा," अप्पा म्हणाले. आवाज इतका खाली की मला पुढं वाकावं लागलं. "दिवस कळला तर ही बया त्या दिवसापतूर घास गिळायची न्हाई. मी बी कुठं गिळतोय? आमच्या घरातनं आजवर कोणी शिकाय बाहेर गेलं न्हाई, साहेब. आमाला सवय न्हाई त्याची."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. अप्पांचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं नाही असं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. करारात असलं काही लिहीत नाहीत हे मला माहीत होतं आणि वकील हसणार हेही कळत होतं. तरीही मी ते वाक्य अप्पांच्याच शब्दांत लिहिलं आणि कागद माधवरावांपुढं सरकवला. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्याच्या खाली सही केली.