खाली ठेवा, मग मी घेते

गांगुर्डे सिस्टर कोणाच्याही हातातून काही घेत नाहीत. तुम्ही पेन द्या, प्रसाद द्या, लग्नाची पत्रिका द्या, त्या आधी काहीतरी पुढे करतात. ताटली, पुस्तक, डब्याचं झाकण. काहीच नसलं तर जवळच्या बाकाकडे बोट दाखवतात. "खाली ठेवा, मग मी घेते." द्यायचं असलं तरी तेच. आधी ठेवणार, हात मागे घेणार, मग म्हणणार, "घ्या आता."

येवल्याच्या एसटीत एकदा मी त्यांच्या शेजारी होतो. कंडक्टरनं तिकीट पुढे केलं, तशी सिस्टरनी पिशवीतून स्टीलची ताटली काढली. तो बघतच राहिला. "ताई, तिकिटाला निवद दाखवायचा हाय का?"

"ठेवा," सिस्टर म्हणाल्या. त्यानं ठेवलं. जरासा वाकलाही.

माझी बायको तर पहिल्याच भेटीत दुखावली. तिनं चिवड्याची वाटी पुढे केली आणि सिस्टरनी ती टेबलावर ठेवायला लावली. "एवढं कसलं सोवळं यांचं?" ती मला घरी आल्यावर म्हणाली. मी हसलो, कारण मला या सवयीचं मूळ ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होतो.

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन आहे आणि सिस्टर आमच्या थिएटरच्या इनचार्ज होत्या. ऑपरेशन चालू असताना सुई किंवा ब्लेड हातातून हातात द्यायचं नसतं. मध्ये किडनी ट्रे, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराची छोटी स्टीलची ताटली, ठेवायचा, डॉक्टरांनी त्यात ठेवायचं, नर्सनं त्यातून उचलायचं. सुईजवळ एका वेळी एकच हात. हा नियम आमच्याकडे भिंतीवर चिकटवलाय आणि तो भिंतीवरच राहतो. सिस्टरची पाळी असली की मात्र खाली उतरायचा.

आमच्या मोठ्या सरांना या ट्रेचा भारी राग. वेळ जातो म्हणे. मध्येच थांबून क्रिकेटचा स्कोअर विचारताना तो जात नाही. एकदा त्यांनी वापरलेली सुई तशीच सिस्टरपुढे धरली. सिस्टरनी दोन्ही हात छातीशी घेतले.

"सर, ट्रे."

"अहो, पकडा ना."

"ट्रे, सर."

पेशंट भुलीत, सर रागात आणि सिस्टर देवळात उभ्या असल्यासारख्या हात जोडून. शेवटी सरांनी सुई ट्रेमध्ये आपटली.

याच सरांनी पूर्वी एकदा टाके घालता घालता, न बघता सुई बाजूला केली होती. सिस्टरचा हात तिथंच होता. ग्लोव्हमधून सुई आत गेली. पेशंटला हिपॅटायटिस बी होता, म्हणजे रक्तातून शिरून लिव्हरमध्ये बिऱ्हाड करणारी कावीळ. तिच्यावर लस आहे. आमच्याकडे आलीही होती, पण ती डॉक्टरांना देऊन संपली आणि नर्सेसना 'पुढच्या खेपेला' असं सांगण्यात आलं. सुई टोचल्यावर तातडीनं द्यायचं इंजेक्शनही असतं. ते मागवायला कोणाला सवड झाली नाही. सिस्टरच्या रक्तात आजार कायमचा बसला. मग चौकशी झाली आणि तीत सिस्टरच निष्काळजी ठरल्या. हात तिथं ठेवायला नको होता म्हणे. मग कुठं ठेवायचा होता, खिशात?

परवा त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर भाषण केलं. मला हसूसुद्धा आलं नाही. मग सरांनी नारळ पुढे केला आणि सिस्टरनी किडनी ट्रे. हॉलभर हशा पिकला. नारळ काही ट्रेमध्ये बसेना. सर तो दोन्ही हातांनी दाबत होते आणि सिस्टर शांतपणे ट्रे धरून उभ्या होत्या. माझ्या लेखी कार्यक्रमाचा तेवढाच भाग बघण्यासारखा होता.

नंतर चेंजिंग रूममध्ये त्या थर्मासमधून चहा ओतत होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, आता सोडा तो ट्रे. येवल्याला भावाकडे कोण तुम्हाला सुया देणार आहे?"

"सुयांसाठीचा ट्रे थिएटरात, खैरनार. बाहेरचा वेगळा."

"म्हणजे?"

"आजार कळल्यावर मी भावाकडे गेले होते. वहिनीनं चहा आणला. मी हात पुढे केला आणि तिचा मागे गेला. मुद्दाम नाही रे, आपोआप. चहा सांडला. हे हातानं, कपानं पसरत नाही, सगळं समजावलं मी त्यांना. त्यांना पटलंही. माझा कप मात्र अजून वेगळा आहे, दांड्याला लाल दोरा बांधलेला. आज संध्याकाळी त्यातूनच प्यायचाय."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं.

"मग ठरवलं," त्या म्हणाल्या, "समोरच्याचा हात मागे जायच्या आत आपणच ताटली पुढे करायची. लोक म्हणतात, बाई विक्षिप्त आहे. म्हणू देत. ते सोसतं."

मला सरांचा राग आला, त्या वहिनीचा आला, लाल दोऱ्याचाही आला. आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त पुसलेल्या बाईला घरी खुणेचा कप.

त्यांनी माझा चहा ट्रेमध्ये ठेवला आणि हात मागे घेतला. "घे आता."

"हातात द्या."

"सवय राहिली नाही रे."

मी हात पुढेच ठेवला. शेवटी त्यांनी कप उचलला. मी कपाला हात घातला, त्यांची बोटं माझ्या बोटांखाली आली.

"पकडलास ना नीट?"

"पकडला, सिस्टर."

तरी त्यांनी कप लगेच सोडला नाही.