धायरीच्या प्रवाळाचा मारेकरी

मी जयसिंग भिलारे, बिबवेवाडीतला एकमेव खासगी गुप्तहेर. दुसरा असता तर मी त्याला शोधून काढलाच असता. एकतीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलो, त्यामुळे चौकशी माझ्या रक्तात आहे. माणसाकडे नुसतं पाहून तो कोणत्या गावाला निघालाय हे मी सांगतो. तो भलत्याच गावाला गेला, तर ती त्याची चूक. सहायक म्हणून पत्नी जया बरोबर असते, कारण स्कूटर तीच चालवते.

धायरीच्या पुष्कर पोकळेने मला बोलावलं. हा खराडीत संगणकावर काम करतो आणि घरी हॉलमध्ये काचेच्या टाकीत समुद्र पाळतो. त्या खाऱ्या पाण्यात त्याचं एक कठीण प्रवाळ होतं. दिसायला दगडी झुडूप, पण जिवंत. आपला सांगाडा आपणच बांधणारं. अंगठ्याएवढा तुकडा त्याने चार वर्षांत पंजाएवढा वाढवला होता. आणि महिनाभर ते टोकांकडून हाडासारखं पांढरं पडत चाललं होतं. हे मेलं तर टाकी हॉलमधून हलवायची, असं त्याची बायको ऋतिका हिच्याशी ठरलं होतं. सांगताना तो टाकीची काच बाहीने पुसत राहिला, आणि खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं.

पहिला संशय पिवळ्या माशावर. मला पाहताच तो दगडाआड गेला. निरपराध कशाला लपेल? पुष्कर म्हणाला, तो सगळ्यांनाच पाहून लपतो. म्हणजे सराईत.

मग मी टाकीत बोट बुडवून चाखलं आणि जाहीर केलं, की या पाण्यात कुणीतरी मीठ कालवलंय.

"मीच," पुष्कर म्हणाला. "समुद्र आहे तो."

उरली ऋतिका. टाकीच्या जागी तिला सोफा हवा होता, म्हणजे हेतू सापडला. गेला महिनाभर आपण कुठे होतात, असं मी तिला विचारलं.

"इथेच. आपल्याला काही सापडतंय का, की चहा टाकू निरोपाचा?"

गुन्हेगार असेच उद्धट असतात, म्हणून मी मनातल्या मनात खटला जवळपास संपवला. पुष्करच्या आईला, मथुराबाईंना, मी आधीच निर्दोष सोडलं होतं. त्यांनी लोणी घालून थालीपीठ दिलं होतं.

तेवढ्यात जया स्वयंपाकघरातून ताटली विसळून आली आणि तिने विचारलं, की टाकीतलं पाणी आटतं तेव्हा वरून कोण घालतं.

"मीच की," मथुराबाई म्हणाल्या. "हा दिवसभर हापिसात. फिल्टरचंच घाल म्हणतो, ते बी चुकवत न्हाई."

पुष्करने मान डोलावली. मीही डोलावली.

"पण फिल्टरच्या पाण्यात काय दम हाय? म्हणून रातभर तांब्याच्या हंड्यात ठेवते अन् सकाळी घालते. लेकरू आजारी दिसाया लागल्यापासनं जरा जास्तच घालते."

पुष्कर स्वयंपाकघरात जाऊन हंडा बघून आला. तांबं माणसाला मानवतं, प्रवाळाला ते विष, असं त्याने हळूहळू सांगितलं. मागे हंडा धूळ खात माळ्यावर होता. तो दोन महिन्यांपूर्वी खाली काढून चिंचेने घासला होता. मथुराबाईंचा चेहरा एवढासा झाला.

"म्हंजे म्याच मारलं म्हना."

"मेलं नाही आई अजून. बुडाशी जीव आहे," पुष्कर म्हणाला. त्यांच्यासाठी पाणी आणायला सगळ्यांत आधी ऋतिका उठली.

मी आरोप मागे घेतले, माशावरचा सोडून.

त्या दिवसापासून पुष्करने पाणी बदलत बदलत तांबं काढून टाकलं. दोन महिन्यांनी मथुराबाईंचा फोन आला. मला नव्हे, जयाला. मी तो शेजारी बसून तपासाचा भाग म्हणून ऐकला. बुडाशी नवं हिरवं फुटलं होतं. टाकी हॉलमध्येच होती, आणि ऋतिका रोज वाकून बघत होती. मथुराबाईंचा आनंद आवाजात मावत नव्हता. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पण जया, मला अजून काळजी वाटती गं. नुसत्या फिल्टरच्या पाण्यावर कसं निभावंल ते?"