चारच्या आत झोत!

आज चारच्या आत इलेक्ट्रॉनचा झोत काढून दाखवणार म्हणजे दाखवणार! सकाळीच मॅडमना तसं तोंडावर सांगून टाकलं. त्या माझ्या मार्गदर्शक. चार वाजता समिती येणार होती आणि झोत दिसला नाही तर माझं लेझरचं टेबल शेजारच्या गटाला जाणार होतं. पाच वर्षं राबलोय मी त्या टेबलावर! सोडतो की काय?

काम तसं सोपं. म्हणजे, सांगायला! हवा काढून घेतलेल्या डब्यात लेझरने अणू थंड करायचे. हो हो, लेझरने! थंड झाले की ते एका जागी गपगुमान बसतात. मग दुसऱ्या, निळ्या लेझरने त्यांचे इलेक्ट्रॉन सुटे करायचे आणि विजेच्या जोरावर पडद्याकडे ओढायचे. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला की जिंकलो.

पण लेझरचे नखरे फार! एसीच्या थरथरीने बिचकतो म्हणून मी एसी बंद केला. खोली तापली, लेझर भरकटला, अणू पसार! एसी पुन्हा लावला. दिवे घालवले. दारावर ‘पाय वाजवू नयेत’ असा कागद चिकटवला आणि आमच्या तंत्रज्ञ काकांना बाहेर काढलं.

"अरे, आतला तो गेज..."

"काका, चारनंतर!"

साडेतीनला पडद्यावर ठिपका! केवढा? चांगला बशीएवढा! मी टुणकन उडी मारली आणि बायकोला फोन लावला, "मिळाला गं झोत!"

चारला मॅडम समितीच्या तिघांना घेऊन आल्या. मी छाती फुगवून उभा.

"छान. आता लेझर बंद करा बघू," मॅडम म्हणाल्या.

केला. ठिपका तसाच!

"निळा?"

तोही केला. ठिपका ढिम्म!

"अणूंशिवाय झोत? कमाल आहे हो तुमची!" समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

दारातून काका ओरडले, "अरे बाबा, तेच सांगत होतो! व्हॅक्यूम मोजायचा गेज चालूच राहिलाय. त्याची तार तापलीये, तिचे इलेक्ट्रॉन आपटतायत पडद्यावर!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण हार मानतो तो मी कसला! गेज बंद केला, दोन्ही लेझर लावले. पडदा काळाठिक्कर. मधोमध नुसता एक चमकता कण, मोहरीएवढा. मेली धूळ! निदान पडद्यापुढची काच तरी स्वच्छ दिसू दे म्हणून रुमाल काढून घासायला लागलो. जाईना! थुंकी लावली. तरी जाईना!

"अहो, पुसताय काय!" मॅडमनी माझा हातच धरला. "तो झोत आहे! थंड अणूंचे इलेक्ट्रॉन फाकत नाहीत, ठिपका बारीकच येणार. पाच वर्षं तुम्हीच हे लिहिताय ना?"

टेबल वाचलं. समितीनं अहवालात लिहिलंय, झोत मिळाला. कोणाला, तर मॅडमना!